मुंगीबाईंची शेवटची शाळा

मुंगीबाईंना हे नाव मुलांनी दिलं होतं, आणि दोष द्यायचाच तर तो त्यांनी स्वतःलाच द्यायला हवा. मलेरियाच्या कचेरीत नोकरी लागल्यापासून शाळाशाळांतून हिंडून पोरांची बोटं टोचायची आणि निघालेला थेंब मायक्रोस्कोपखाली तपासायचा, हेच त्यांचं काम. सुई पुढे आली की पोरगं हात मागे घेणार हे ठरलेलं. मग त्या त्याचं बोट आपल्या दोन्ही तळव्यांत धरायच्या, चोळून चोळून ऊब आणायच्या आणि म्हणायच्या, एकच मुंगी आहे रे, चावली की गेली. तोवर सुई आपलं काम करून मोकळी झालेली असायची. पोरगं कापसाचा बोळा दाबत बाहेर जाऊन पुढच्याला सांगायचं, मुंगी कसली, मुंगळा आहे. तरी नाव मुंगीबाईच पडलं. ते पुढे कचेरीतही शिरलं आणि आईबापांनी ठेवलेलं नाव फक्त कागदावर उरलं.

घरोघरी न जाता शाळेतच का टोचता, असं कुणी विचारलं की त्या म्हणत, शितावरून भाताची परीक्षा. सगळ्या वस्तीचं रक्त तपासायचं म्हटलं तर सात जन्म पुरायचे नाहीत. कुणी कामावर गेलेलं, कुणी झोपलेलं, कुणी दारच उघडत नाही. पोरं मात्र एका छपराखाली आयती सापडतात, आणि जो डास बापाला चावतो तो पोराला काही सोडत नाही. फवारणी झाली, मच्छरदाण्या वाटल्या, डबकी बुजवली; पण त्याचा उपयोग झाला की नुसता देखावाच झाला, हे साहेबलोकांच्या भाषणांतून कळत नसतं. ते पोरांच्या रक्तातून कळतं. म्हणून निवडलेल्या शाळांत महिन्यातून एकदा जायचं, कुणाला ताप येऊन गेला ते विचारायचं, त्यांचं रक्त घ्यायचं, आणि पावसाळा सरला की एकजात सगळ्या शाळेचं घ्यायचं.

सुरुवातीला अशा शाळा ढीगभर होत्या. कचेरीत मायक्रोस्कोपची रांग होती, जीपमध्ये बसायला जागा नसायची. एकेका शाळेत निम्मी पोरं तापाने फणफणलेली सापडायची, आणि हात धुवायलासुद्धा फुरसत नसे. मग औषधं बदलली, मच्छरदाण्या चांगल्या आल्या, आणि मलेरिया हटायला लागला. नियम असा होता की ओळीने दोन वर्षं एकाही पोराच्या रक्तात जंतू सापडला नाही, की ती शाळा निगराणीतून मोकळी. अशा एकेक करून शाळा गळत गेल्या. त्यांच्यामागून माणसं गेली. कुणाची बदली झाली, कुणी निवृत्त झालं. मायक्रोस्कोपांवर कापडी खोळा चढल्या. शेवटी त्या लांबलचक खोलीत खिडकीजवळच्या एका टेबलाशी मुंगीबाई उरल्या, आणि कचेरीच्या हाती उरली पुलापलीकडची एक शाळा.

ज्याच्यासाठी उभा जन्म खपलो ते साधलं, आणि साधता साधता आपल्यालाच एकटं करून गेलं. हे बोलायचं कुणाकडे? मलेरिया गेला म्हणून वाईट वाटतं असं म्हणणाऱ्या बाईला लोक दगडच मारतील.

मुंगीबाईंनी लग्न केलं नव्हतं. केलं नव्हतं म्हणण्यापेक्षा ते राहून गेलं होतं. आई अंथरुणाला खिळली, धाकटा भाऊ शिकून लांब निघून गेला, आणि आईचं करता करता वय कधी निघून गेलं ते कळलंच नाही. आई गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. दोन खोल्यांचं घर, मागे कपडे वाळत घालण्यापुरती गच्ची, समोर एका दवाखान्याची आंधळी भिंत. भावाचा फोन यायचा. तब्येत कशी आहे, असं तो विचारायचा आणि त्या उत्तर द्यायला तोंड उघडतात तोच म्हणायचा, काळजी घे. घर खायला उठतं म्हणतात ते खोटं नाही. पण बाईंच्या घराला खाण्याचाही कंटाळा आला असावा, ते नुसतं बघत बसायचं. सुट्टीच्या दिवसांत कुणाशी बोलणंच व्हायचं नाही. सोमवारी सकाळी बसमध्ये तिकीट मागताना त्यांचा आवाज फुटायचा नाही. आधी खाकरून घ्यावं लागायचं. कंडक्टरला वाटायचं, बाईंना कायमचीच सर्दी आहे.

पुलापलीकडच्या शाळेत मात्र खाकरावं लागायचं नाही. फाटकातून आत शिरल्या की कुणीतरी पोरगं ओरडायचं, मुंगी आली, आणि सगळा व्हरांडा खिदळायचा. शाळेच्या मोठ्या बाई वयाने त्यांच्याहून लहान, तोंडाने फटकळ, पण आपला डबा उघडला की अर्धा पुढे सरकवायच्या. नको म्हटलं तर म्हणायच्या, ताई, रक्त पिऊन पोट भरत नाही.

आणि तिथे भोंगा होती. पहिलीत असताना सुई बघून तिने असं काही भोकाड पसरलं होतं की शेजारच्या गिरणीतले लोक धावत आले होते. तेव्हापासून ती भोंगा. आता चौथीत होती, आणि टोचायच्या रांगेत सगळ्यांच्या पुढे उभी राहून घाबरणाऱ्यांकडे तुच्छतेने बघायची. आईबाप कामासाठी परमुलखात, पोरगी आजीपाशी. टोचून झालं तरी ती हात सोडवून घ्यायची नाही. मुंगीबाईंच्या तळव्यांत बोट तसंच ठेवून इकडच्या तिकडच्या गोष्टी सांगत राहायची, आणि मागची रांग कुरकुरत राहायची. मुंगीबाईही हल्ली तिचं बोट चोळायला जरा जास्तच वेळ लावत. दुसऱ्या माणसाचा हात त्यांच्या हाताला लागायचा तो एवढाच.

गेल्या वर्षी ही शाळा पूर्ण स्वच्छ निघाली. यंदा पावसाळा सरत आला तसे कचेरीतले तरुण डॉक्टर खुशीत येऊन म्हणाले, ताई, एवढं एक वर्ष कोरं गेलं की आपण जिंकलो, मग तुम्ही निवृत्तीपर्यंत इथेच निवांत बसा. मुंगीबाईंनी मान डोलावली. इथेच म्हणजे खोळा घातलेल्या मायक्रोस्कोपांच्या रांगेशेजारी.

शेवटचं रक्त घेऊन झालं, काचपट्ट्या रंगवून, धुऊन, वाळवून झाल्या, आणि बाई तपासायला बसल्या. एकेका काचेवर दोन खुणा असतात, एक जाड थेंब आणि एक पातळ पसरलेला थर. जंतू आहे की नाही ते जाड थेंबात आधी कळतं, आणि कुठल्या जातीचा आहे ते पातळ थरात. काचेमागून काच स्वच्छ निघत होती. दिवसागणिक बाईंचा घास लहान होत चालला होता. आपण काय शोधतोय आणि काय सापडावं असं आपल्याला वाटतंय, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला त्या नव्या पोरापोरींना शिकवत आल्या होत्या. पण शिकवणं वेगळं आणि एकटं बसून बघणं वेगळं.

भोंगाच्या काचेचा जाड थेंब स्वच्छ होता. पातळ थर बघता बघता एका तांबड्या पेशीवर त्यांना एक निळसर कडं दिसलं, त्याच्या कडेला लालसर ठिपका. अंगठी. हिवतापाच्या जंतूची सुरुवातीची खूण.

रक्तातली एखादी प्लेटलेट नेमकी तांबड्या पेशीवर येऊन बसली की अशीच अंगठी दिसते. या धंद्यातल्या प्रत्येकाने ही चूक कधीतरी केलेली असते, आणि ती करू नये म्हणून मुंगीबाईंनीच वर्षानुवर्षं नव्या पोरापोरींकडून घोकून घेतलं होतं: एकट्या अंगठीवर विश्वास ठेवायचा नाही, दुसरी शोधायची. त्यांनी शोधली. सापडली नाही. म्हणजे थोडा वेळ शोधली आणि नेहमीपेक्षा लवकर थांबल्या. मनी वसे ते स्वप्नी दिसे. मुंगीबाईंना जागेपणी, खिडकीतून येणाऱ्या लख्ख उजेडात दिसलं. त्या खोटं बोलल्या असं म्हणता येणार नाही. त्या क्षणी त्यांना जंतूच दिसला होता आणि त्यांच्या छातीत आनंद भरून आला होता. तेवढ्यावरून तरी त्यांनी ओळखायला हवं होतं. पोराच्या रक्तात जंतू सापडल्याचा आनंद त्यांना आजवर कधी झाला नव्हता.

डॉक्टर हिरमुसले. एका पोरीपायी आणखी दोन वर्षं, असं पुटपुटले. काच पक्की तपासायला मोठ्या प्रयोगशाळेत जाणार होती, पण तिकडचं उत्तर यायला वेळ लागायचा आणि गोळ्या तोवर थांबवायच्या नसतात. दोन आठवड्यांचा डोस, रोजची गोळी डोळ्यांदेखत गिळवायची. कोण जाईल, असं डॉक्टरांनी विचारायच्या आतच मुंगीबाईंनी पिशवी उचलली होती.

ते दिवस मुंगीबाईंच्या आयुष्यात लग्नघरासारखे गेले. रोज सकाळी बस, पूल, गिरणीची गल्ली, आणि टोकाला आजीचं घर. एकच खोली, पण रांगेने मांडलेल्या डब्यांपासून शिवणाच्या मशीनपर्यंत सगळं पुसून ठेवलेलं. आजी लोकांचे कपडे शिवायची. पहिल्या दिवशी तिने, बसा बाई, म्हणून खुर्ची पुसली. दोन-तीन दिवसांत खुर्ची गेली, पाट आला. मग एक दिवस आजी म्हणाली, "अगं, चहा गार होतोय तुझा," आणि मुंगीबाईंनी तो कप हातात धरून भिंतीकडे तोंड केलं. आई गेल्यापासून त्यांना अगं म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. आपल्याला रडू येतंय हे आजीला दिसू नये म्हणून त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं कौतुक केलं. ते गेल्या वर्षीचं होतं.

भोंगाला मात्र गोळ्या सोसत नव्हत्या. कडू गोळी गिळली की तिला मळमळायचं, डोकं गरगरायचं. चार घास खाल्ले की उलटी. शाळेतलं तिचं पुढच्या जागेवरचं बसणं गेलं. ती दिवसभर खाटेवर पडून राहायची. सगळ्यांआधी बोट पुढे करणारी पोरगी आता गोळी दिसली की तोंड भिंतीकडे फिरवायची. मुंगीबाई तिला सांगायच्या, जंतू मरायचा तर थोडा त्रास होणारच. हे सांगताना पहिल्यांदा त्यांना काही वाटलं नाही. नंतर नंतर वाटायला लागलं.

एका सकाळी त्या पोचल्या तर मागच्या अंगणात आजी खाली बसून काहीतरी शिवत होती. जवळ उपटलेली रोपं पडली होती, मुळांना ओली माती तशीच. शिवत होती ती सरकारी मच्छरदाणी. गेल्या वर्षी ताप गेला म्हणून आजीने ती कापून अंगणातल्या रोपांवर घातली होती, कोंबड्यांनी ती टोचू नयेत म्हणून. आता तिने रोपं उपटून टाकली होती आणि मच्छरदाणीचे तुकडे जोडत होती. टाके इतके बारीक होते की दिसतही नव्हते. ती मान वर न करता म्हणाली, "चार भाज्यांच्या लोभापायी मी पोरीला आजारी पाडलं. तिच्या आईला काय सांगू मी?" रात्र रात्र ती पोरीच्या उशाशी बसून पंख्याने वारा घालते, डास येऊ नये म्हणून, हे भोंगाने खाटेवरून सांगितलं.

मुंगीबाईंनी त्या दिवशी चहा घेतला नाही. कचेरीत गेल्या आणि थेट मायक्रोस्कोपची खोळ काढली. काच अजून पाठवायच्या डब्यातच होती. ती खूण शोधायला वेळ लागला नाही. तेच निळसर कडं, तोच ठिपका, आणि त्याच्याभोवती बारीकसं पांढुरकं वलय. असं वलय प्लेटलेटभोवती असतं, जंतूभोवती नसतं. ते पहिल्या दिवशीही तिथेच होतं. मग त्यांनी सगळी काच या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली, नव्या उमेदवाराने पाहावी तशी, एक कोपरा न सोडता. दुसरी अंगठी कुठेही नव्हती. पोरीला काही झालेलं नव्हतं. जे काही झालं होतं ते मुंगीबाईंना झालं होतं.

गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. मोठ्या प्रयोगशाळेने चूक पकडली तर एक ओळीचं पत्र येईल, नाही पकडली तर शाळा यादीत राहील, आजीचा पाट राहील. पण पोरीला उद्या सकाळी पुन्हा ती गोळी गिळावी लागणार होती, आणि ती गिळवायला त्या स्वतःच जाणार होत्या. तेवढं त्यांच्या हातून आता होणार नव्हतं.

डॉक्टरांना त्यांनी सांगितलं. ते रागावतील असं त्यांना वाटलं होतं. ते उलट खुर्चीतून उठलेच. म्हणजे शून्य, ताई, अहो शून्य, असं म्हणून त्यांनी बाईंना काच पुन्हा पाहण्याच्या प्रामाणिकपणाबद्दल शाबासकी दिली. त्या आठवड्यात कचेरीत एक लहानसा समारंभ झाला. बाईंच्या हातात फुलांचा गुच्छ देऊन फोटो काढला. सगळे टाळ्या वाजवत असताना मुंगीबाई गुच्छ कुठे ठेवायचा ते बघत होत्या. घरी फुलदाणी नव्हती.

आजीला सांगणं मात्र टाळ्यांनी सुटणारं नव्हतं. समारंभाआधीच, काच पाहिली त्याच दुपारी, त्या पुलापलीकडे गेल्या. पाटावर बसल्या नाहीत. दारातच उभं राहून म्हणाल्या, पोरीला मलेरिया नाही, नव्हताच, गोळ्या बंद करा, तुमच्या मच्छरदाणीचा काही दोष नाही. आजीचा चेहरा आधी उजळला. मग तिने विचारलं, हे कसं काय? चूक झाली, एवढं म्हणून बाईंना निघता आलं असतं. चुका होतात, आजीने ते मानलंही असतं. पण त्या बारीक टाक्यांकडे बघून त्यांना अर्धं सांगवेना. त्या म्हणाल्या, "मला जंतू दिसावा असं वाटत होतं. नाही दिसला तर ही शाळा बंद झाली असती माझी. मला इथे यायला दुसरं कारण नव्हतं."

खाटेवर भोंगा उठून बसली होती. आजीने हातातली सुई मशीनच्या कापडात खोचली.

"यायचंच होतं तर नुसतं यायचं होतं ना तुम्ही," ती म्हणाली. "पोरीला ताप कशाला लावलात?"

तू पुन्हा तुम्ही झालं होतं. दार काही तिने आपटलं नाही, हळूच लोटलं. मुंगीबाई पुलापर्यंत चालत आल्या आणि बसथांब्यावर तीन बसा सोडून चौथीत बसल्या. त्यांना रडू आलं नाही, फार लाज वाटली. आजी रागाने बोलली होती, पण तिने म्हटलं ते इतकं साधं होतं, आणि एवढ्या वर्षांत ते त्यांना एकदाही सुचलं नव्हतं. भावाकडे जायचं तर त्याच्या घरचं कुणी आजारी पडावं लागे. शेजारी जायचं तर काही मागायला जावं लागे. हातात सुई नसताना कुणाच्या दारात उभं राहता येतं, हे त्यांना माहीतच नव्हतं.

पुढच्या महिन्यात शाळेचा नेहमीचा वार आला. शाळा यादीतून गेलेली होती, सुयांचा डबा कपाटात बंद होता. मुंगीबाईंनी रजा टाकली. सकाळी नेहमीच्याच वेळी तयार झाल्या, दोनदा कुलूप लावून दोनदा उघडलं, तिसऱ्यांदा लावलं, आणि बसमध्ये बसल्या. मांडीवर पिशवी नव्हती, तेव्हा हातांचं काय करावं ते समजेना. फाटकाशी पोचल्या तर कुणी मुंगी आली म्हणून ओरडलं नाही. पिशवी नसल्याने पोरांनी ओळखलंच नसावं. मोठ्या बाई बाहेर येऊन म्हणाल्या, अय्या ताई, काही काम होतं का? नाही म्हटल्यावर त्याही गोंधळल्या. पाहुणीला बसवायचं कुठे, असा त्यांना प्रश्न पडला. आजवर मुंगीबाई स्वतःच्याच स्टुलावर बसत आल्या होत्या आणि तो स्टूल आता कचेरीत होता. शेवटी मुंगीबाई व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या. मोठ्या बाई, तास संपला की आलेच, म्हणून वर्गात गेल्या.

मधली सुट्टी झाली. पोरं त्यांना वळसा घालून पळत होती. भोंगा दिसली. पहिल्यापेक्षा वाळली होती, पण धावत होती. तिने बाईंना पाहिलं आणि खांबाशी थांबली. आजीने घरी काय सांगितलं होतं कोण जाणे. थोड्या वेळाने ती जवळ आली, पण हाताच्या अंतरावर उभी राहिली. दोन्ही हात तिने पाठीमागे धरले होते.

"आज टोचायचं नाही?" तिने विचारलं.

"नाही."

"गोळी?"

"नाही गं."

"मग कशाला आलात?"

मुंगीबाईंना खाकरावं लागलं. "अशीच," त्या म्हणाल्या. "नुसतीच आले."

भोंगाने त्यांच्याकडे बघितलं, त्यांच्या रिकाम्या मांडीकडे बघितलं, पायरीच्या पलीकडे पिशवी लपवलेली तर नाही ना तेही वाकून पाहिलं. मग ती त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. सुट्टी संपल्याची घंटा होईपर्यंत ती तिथेच बसून होती, आणि गिरणीत सापडलेल्या मांजरीच्या पिल्लांची सगळी हकिकत तिने सांगितली. हात मात्र तिने पाठीमागेच ठेवले होते.